पाव टाकीवर बंद पडणारी गाडी

"टाकी काठोकाठ भरली तरी काटा पूर्ण चढत नाही, आणि पावावर असताना गाडी बंद पडते." काकांनी तक्रार सांगितली ती एवढीच. मग थोडं थांबून म्हणाले, "दोन्ही टोकांना खोटा. मध्ये कुठे खरा असला तर असेल."

काका म्हणजे गाडीचे मालक, वय सत्तरीपुढचं. गाडी १९६० च्या दशकाच्या शेवटाकडची, चार दारांची, १२ व्होल्टची, निगेटिव्ह अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेली. विंटेज हा शब्द ब्रिटनमधले हौशी लोक साधारण १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्यांसाठी राखून ठेवतात, त्या हिशोबाने ही विंटेज नव्हे. काका तिला विंटेजच म्हणतात आणि मी वाद घालत नाही. टाकी ४५ लिटरची, डिकीच्या तळाखाली आडवी पसरलेली, खोली जेमतेम १९० मिलिमीटर. तीन वर्षांपूर्वी ही गाडी पार सांगाड्यापर्यंत उघडून नव्याने उभी केली होती. पत्राकाम झालं, रंग झाला, डॅशबोर्डचा पत्राही आतून-बाहेरून रंगवला, टाकी घासून तिच्यावर जाड काळा इपॉक्सी रंग चढवला. टाकीतलं सेंडर, म्हणजे पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग, तेही तेव्हाच बदललं, कारण जुन्याचा पेट्रोलवर तरंगणारा पितळी फ्लोट झिरपून पेट्रोलने भरला होता.

काटा बिघडला तो या सगळ्यानंतर. हे वाक्य मी वहीत पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, पण त्याकडे नीट बघायला मला दोन रविवार लागले.

गाडीत पेट्रोल किती आहे हे काट्याला थेट कधीच कळत नाही. त्याला कळतो तो फक्त तारेतून येणारा प्रवाह. बॅटरीतून इग्निशनमार्गे विजेचा दाब म्हणजे व्होल्ट येतो, तो एका छोट्या डबीतून म्हणजे स्टॅबिलायझरमधून जातो, तिथून काट्याच्या आतल्या बारीक वेटोळ्यातून, मग गाडीच्या पोटाखालून मागे टाकीपर्यंत जाणाऱ्या एका लांब तारेतून सेंडरमध्ये. सेंडरच्या आत एका पट्टीवर बारीक तार गुंडाळलेली असते. फ्लोटचा दांडा वर-खाली झाला की तिच्यावरून एक स्पर्शक सरकतो आणि रोध म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा बदलतो. तिथून प्रवाह सेंडरच्या बुडाच्या चकतीत, टाकीच्या पत्र्यात, सांगाड्यात आणि परत बॅटरीकडे. या साखळीतल्या कुठल्याही कडीने गडबड केली तरी डॅशबोर्डवर दिसतं ते एकच: काटा चुकतोय.

या गाडीतला काटा बायमेटल जातीचा. दोन वेगवेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी, तिच्यावर तापणारं वेटोळं. पट्टी तापली की वाकते आणि काट्याला ढकलते. टाकी भरलेली असेल तर सेंडरचा रोध कमी, प्रवाह जास्त, उष्णता जास्त, काटा वर. त्याआधीच्या पिढीत दोन कॉइल्सचे काटे असत. त्यांत काटा दोन चुंबकांच्या ओढाताणीत उभा राहतो, त्यामुळे बॅटरीचा दाब थोडा वर-खाली झाला तरी दोघांवर सारखाच परिणाम होऊन उत्तर फारसं बदलत नाही. समोर कोणती जात आहे हे ओळखायला काही उघडावं लागत नाही. इग्निशन चालू केल्यावर काटा झटकन उडाला आणि वळणावर पेट्रोलबरोबर हिंदकळला तर कॉइलचा. आळस देत देत चढला तर बायमेटल. काकांचा काटा अगदी आळशी.

बायमेटलची अडचण अशी की तो उष्णतेवर चालतो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० व्होल्टचे १३.५ झाले तर उष्णता नुसती दीडपट नाही, जवळजवळ १.८ पट होते. इंजिन सुस्त चालताना आणि पळताना दाब एवढा बदलत असेल तर काटा काय सांगणार? म्हणून मध्ये ती डबी. तिच्या आतही एक बायमेटल पट्टीच असते: तापली की स्पर्श तुटतो, थंड झाली की जुळतो, असं चालू-बंद करत ती सरासरी १० व्होल्ट पुढे पाठवते. काटा स्वतःच इतका मंद की हे गचके त्याला जाणवतही नाहीत. साध्या यंत्रातली ही हुशारी मला दरवेळी आवडते.

पहिल्या रविवारी मी डॅशबोर्डमधून काटा काढून टेबलावर ठेवला. काका शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सारून काट्याची पाठ पाहिली आणि दोन छोट्या बुचांवर बोट ठेवलं. "इथूनच फिरवतात ना रे? एकाने रिकामं, एकाने भरलेलं?"

बरोबर होतं ते. या काट्यांच्या पाठीला दोन भोकं असतात, त्यांवर कॉर्कची पातळ बुचं, आणि आत दातेरी पट्ट्या. एकीने खालचं टोक हलतं, दुसरीने वरचं. पण एक हलवलं की दुसरंही थोडं हलतं, त्यामुळे दहा वेळा इकडून तिकडे करावं लागतं. काकांच्या काट्याची बुचं कारखान्यातून निघाली तशीच बसलेली होती, कडेला धुळीची गोल रेघ. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांत इथे कुणी हात घातलेला नव्हता. जो काटा गाडीच्या रंगकामापर्यंत बरा होता आणि ज्याला नंतर कुणी शिवलंही नाही, त्याचीच चूक धरायची हे मला पटेना.

"आधी त्याला विचारू या," मी म्हटलं.

विचारायची पद्धत साधी आहे. नियंत्रित पुरवठ्यातून बरोबर १०.० व्होल्ट, आणि सेंडरच्या जागी बदलता येणारा रोध. वेटोळ्याचा स्वतःचा रोध मोजला तो ६२ ओहम. मग बाहेरचा रोध कमी-जास्त करत काटा एकेका खुणेवर आणला. एफवर म्हणजे भरलेल्या टाकीच्या खुणेवर यायला २१ ओहम लागले, पाऊण खुणेला ३५, अर्ध्याला ५६, पावाला ९५ आणि ईवर म्हणजे रिकाम्या टाकीच्या खुणेवर २४०. आकडे समान अंतरावर नाहीत, कारण एकूण रोध वाढेल तसा प्रवाह उलट प्रमाणात घटतो आणि त्यावर वर्गाचा तो नियम. खालच्या टोकाला जवळजवळ दीडशे ओहमांत जेवढी हालचाल होते तेवढीच वरच्या टोकाला चौदा ओहमांत होते. या काळातल्या ब्रिटिश गाड्यांची सेंडरं साधारण २० ते २४० ओहमांतच फिरतात. म्हणजे काटा निर्दोष. बुचं तशीच राहिली.

एक गोष्ट मात्र या टप्प्यावर करू नये आणि बहुतेक जण तीच करतात: सेंडरची तार काढून सरळ बॉडीला टेकवून "काटा चढतो का बघू." कॉइलच्या काट्याला ते क्षणभर चालून जातं. बायमेटलच्या वेटोळ्यावर पूर्ण दाब पडतो, आणि स्टॅबिलायझर बिघडलेला असेल तर वेटोळं जळूही शकतं. मग खरोखरच नवा काटा शोधत फिरायची वेळ.

टेबलावरचे आकडे हाती आल्यावर गाडीचं वागणं उलट वाचता येऊ लागलं. पण त्याआधी काकांनी सहज जाता जाता एक गोष्ट सांगितली, आणि तीच या प्रकरणातली सगळ्यात मोलाची निघाली. "इंजिनही गरम दाखवतं हल्ली," ते म्हणाले. "थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुवून घेतला. गाडी उकळत नाही कधी, पण काटा वरच."

तापमानाचा काटाही त्याच डबीतून १० व्होल्ट घेतो. दोन वेगवेगळे काटे एकाच वेळी बिघडले तर आधी त्यांच्यात सामायिक काय आहे ते पाहायचं, हे मला माहीत होतं. तरी मी ते पाहिलं नव्हतं, कारण पेट्रोलचा काटा भरलेल्या टाकीला कमी दाखवत होता आणि तापमानाचा जास्त. दोघांची चूक उलट दिशेची, म्हणून त्यांचा संबंध नसणार असं मी धरून चाललो होतो.

डॅशबोर्डखाली पाठीवर पडून डबीच्या बाहेरच्या टोकाला मीटर लावला. चांगल्या स्टॅबिलायझरवर डिजिटल मीटर लावला तर आकडे वेड्यासारखे उड्या मारतात. काट्याचा जुना मीटर किंवा छोटा दिवा बरा, दिवा लुकलुकतो. इथे दिवा लुकलुकत नव्हता. शांतपणे, अखंड जळत होता, आणि इंजिन चालू केल्यावर मीटर १३.५ दाखवत होता. डबी काही गाळतच नव्हती, बॅटरीचा दाब जसाच्या तसा पुढे जात होता.

डबी बिघडली असं म्हणून नवी घ्यायला मी निघालोच होतो. पण ती हातात घेऊन बॅटरीला जोडली आणि तिच्या पत्र्याला निगेटिव्ह लावलं, तर पाच-सात सेकंदांत टिकटिक सुरू. डबी उत्तम होती. आतल्या पट्टीला तापवणारा प्रवाह डबीच्या पत्र्यातून, तिच्या एका स्क्रूतून डॅशबोर्डच्या लोखंडात जातो. तो मार्ग नसेल तर पट्टी तापतच नाही आणि स्पर्श कायम जुळलेला राहतो. स्क्रूच्या भोकाभोवती आरशासारखा गुळगुळीत रंग होता. तोच डॅशबोर्डवरचा तीन थरांचा रंग, ज्याचं काकांना फार कौतुक. पैशाएवढी जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, डबी परत लावली, वरची बाजू वर आहे ना पाहून. आतल्या पट्टीचं वागणं डबी कशी बसवली आहे यावरही अवलंबून असतं, आडवी-तिरकी लावली तर सरासरी बदलते.

दिवा लुकलुकू लागला. तापमानाचा काटा गाडी गरम झाल्यावर मध्यावर येऊन थांबला. काकांचा चेहरा उजळला. मग त्यांनी पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं. टाकी त्या दिवशी सकाळीच काठोकाठ भरलेली होती.

काटा अर्ध्याच्याही किंचित खाली होता.

"हे तर आणखी बिघडवलंस," काका म्हणाले. खोटं नव्हतं. दुरुस्तीपूर्वी भरलेली टाकी पाऊण आणि पूर्ण यांच्या मध्ये तरी दिसत होती.

त्या संध्याकाळी वहीत मांडणी केली. १० व्होल्टला अर्ध्याच्या जरा खाली म्हणजे साखळीत मागच्या बाजूला ५८ ओहम आहेत, जिथे २१ हवेत. आणि याच ५८ ओहमांवर १३.५ व्होल्ट सोडले तर प्रवाह इतका वाढतो की काट्याला १० व्होल्टवरच्या २७ ओहमांसारखं वाटतं. पाऊण आणि पूर्णच्या मधली जागा तीच! म्हणजे तीन वर्षं दोन चुका एकमेकींना झाकत होत्या: पुढे दाब जास्त, मागे रोध जास्त. भरलेल्या टोकाला जादा दाबाने बरीचशी लाज राखली. रिकाम्या टोकाला मात्र त्यानेच घात केला. काटा खाली जाऊच दिला नाही, आणि काका पावावर विसंबून रस्त्यात अडकले. एकच चूक दुरुस्त केली म्हणून दुसरी उघडी पडली.

आता मागे जायचं होतं. टाकीपाशी काम करताना मी घाबरट आहे आणि तसाच राहणार आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते. आणि भरलेल्या टाकीपेक्षा अर्धवट रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात हवा आणि वाफ यांचं मिश्रण असतं. उघड्यावर काम, सेंडर उघडण्याआधी बॅटरीची तार सुटी, टाकीजवळ लुकलुकणारा दिवा वगैरे काही नाही, पेट्रोल काढायचं ते धातूच्या कॅनमध्ये आणि कॅन, नरसाळं, टाकी तारेने एकमेकांना जोडून.

टाकी बंद असतानाच पहिली मोजणी केली. इग्निशन चालू, मीटरचं एक टोक सेंडरच्या चकतीवर, दुसरं लांब तारेने थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. इथे काहीच दाब दिसायला नको. काट्याचा मीटर डोलत डोलत एका व्होल्टच्या आसपास होता. त्या वेळी तारेतून साधारण ८३ मिलिअँपिअर वाहत होते. एका व्होल्टला ८३ ने भागलं की १२ ओहम. सेंडर आणि सांगाडा यांच्यात १२ ओहम अडकलेले. कारण पुन्हा तेच. चकतीखाली रबरी गॅस्केट, तिची रिंग इपॉक्सीवर, टाकीच्या पट्ट्यांखाली रबर, बोल्टही रंगवलेले. प्रवाहाला वाट होती ती कुठल्या तरी एका आट्याच्या कडेने. रोध मोजायचा म्हणून नुसता ओहममीटर लावला असता तर कदाचित हे निसटलं असतं. असल्या कच्च्या जोडांवर मीटरच्या नखाएवढ्या प्रवाहात एक उत्तर येतं आणि खऱ्या प्रवाहात दुसरं. चालू साखळीत दाब किती पडतो ते पाहणं जास्त भरवशाचं.

रंग खरवडत बसण्याऐवजी चकतीच्या एका स्क्रूपासून सांगाड्यापर्यंत वेगळी तार टाकली. १२ ओहमांचे ०.२ झाले. काटा अर्ध्याच्या वर सरकून पाऊणच्या अलीकडे थांबला. भरलेल्या टाकीला अजूनही ४६ ओहम.

राहिलं सेंडर. टाकी पूर्ण रिकामी करून ते बाहेर काढलं आणि पहिल्यांदा माझा अंदाज सपशेल चुकला. मला वाटत होतं की दुसऱ्याच जातीचं सेंडर बसवलं असणार. हा गोंधळ जुन्या गाड्यांत नेहमीचा आहे: १९६५ नंतरच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत रिकाम्याला शून्य आणि भरलेल्याला ९० ओहम, त्याआधी शून्य ते ३०, जुन्या फोर्डमध्ये रिकाम्याला ७३ आणि भरलेल्याला १०, व्हीडीओच्या युरोपीय काट्यांत रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. दिसायला सगळी सेंडरं सारखीच. भोकं जुळली की बसवून मोकळे. पण हे सेंडर हातात धरून दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला तर २२ ते २३८ ओहम, कुठेही न अडखळता. अगदी हवं तसं. फ्लोटही धडधाकट. गरम पाण्यात बुडवून धरला, एक बुडबुडा नाही.

मग टाकीत ४६ कसे?

दांड्याची लांबी मोजल्यावर उत्तर मिळालं. बिजागरीपासून फ्लोटच्या मध्यापर्यंत २१० मिलिमीटर. ही टाकी उथळ. फ्लोटची जाडी वजा केली तर त्याला वर-खाली जायला १६० मिलिमीटर मिळतात. बिजागरी बरोबर मध्यावर, म्हणजे वर ८० आणि खाली ८०. एवढ्या लांब दांड्याला तेवढ्या उंचीत फक्त ४५ अंशांचं फिरणं मिळतं, आणि रोधाची पट्टी आहे ६४ अंशांची. फ्लोट टाकीच्या छताला टेकला तेव्हा ४६ ओहम, तळाला टेकला तेव्हा १४०. दोन्ही टोकांचे दहा-दहा अंश वाया. बहुधा खोल टाकीसाठी बनलेलं सेंडर असावं. बनवणाऱ्याची चूक नाही, निवडणाऱ्याची. काकांचं पहिल्या दिवशीचं "दोन्ही टोकांना खोटा" हे निदान शब्दशः बरोबर होतं आणि मी ते तक्रार म्हणून ऐकलं होतं.

६४ अंश मिळायला दांडा १५० मिलिमीटरच्या आसपास हवा. कापायचा नव्हता. कापलेला दांडा परत लांब होत नाही, आणि आपला हिशोब पहिल्या फटक्यात बरोबर येतो असा माझा अनुभव नाही. दोन पकडींनी त्याला मध्यावर इंग्रजी झेडसारखी घडी घातली, तेवढ्यात लांबी साठ मिलिमीटरनी घटली. घडी बाजूला येते, टाकीच्या आतल्या आडव्या पत्र्याला घासेल का हे सेंडर बसवून, हाताने टाकी हलवून, आतला ठोका ऐकून पाहिलं. ठोका स्वच्छ दोन ठिकाणी, वर आणि खाली.

इथे काकांना विचारायचा एक प्रश्न होता. ई म्हणजे काय हवं? टाकीतून पेट्रोल ओढणारी नळी तळापासून थोडी वर असते, त्यामुळे शेवटचे दोनेक लिटर तसेही इंजिनला मिळत नाहीत. ई म्हणजे इंजिन बंद, की ई म्हणजे आता पंप शोधा?

"माझ्या पहिल्या बीटलला काटाच नव्हता," काका म्हणाले. "पायाशी एक चावी. गाडी गचके खायला लागली की पायाने फिरवायची, की राखीव साठा सुरू. तेवढं दे मला." फोक्सवॅगनने बीटलमध्ये पेट्रोलचा काटा दिला तो १९६१ च्या सुमारास, तोवर ती चावीच. त्याहून जुन्या फोर्ड मॉडेल टीमध्ये तर सीटची गादी उचलून टाकीत काठी बुडवून बघायचे. मला वाटतं ती काठी आजवरच्या कुठल्याही काट्यापेक्षा अचूक असणार.

तर ठरलं: ईवर काटा आला की टाकीत ५ लिटर असले पाहिजेत. दांड्याला बिजागरीपाशी जरासा बाक दिला, म्हणजे ५ लिटरच्या पातळीलाच तो खालच्या अडसराला टेकेल.

दुसऱ्या रविवारी मापाने पेट्रोल ओतायला बसलो. पाच-पाच लिटर ओतायचे, रोध लिहायचा, काटा लिहायचा. पहिल्या फेरीतले आकडे बघून मला घाम फुटला. १० लिटरला काटा जवळजवळ हललाच नाही, २० ला भलतीकडे, ३० ला २५ पेक्षा कमी! चूक माझीच. एक तर मी दहा-पंधरा सेकंदांत वाचत होतो, आणि या आळशी काट्याला स्थिर व्हायला मिनिट-दीड मिनिट लागतं. दुसरं म्हणजे गाडी किंचित उतारावर, नाक खाली. रुंद आणि उथळ टाकीत एवढा उतारही पेट्रोल एका कडेला नेतो, आणि सेंडर पुढच्या बाजूला होतं. सगळं पेट्रोल परत काढलं. गाडी पाणसळ लावून सपाट उभी केली, चाकांत हवा सारखी केली, डिकीतलं स्टेपनी जागेवर ठेवलं, आणि प्रत्येक वाचनाला घड्याळ लावून दोन मिनिटं थांबलो. काका दर वेळी "झाली का?" विचारत आणि मी "अजून अर्धं मिनिट" म्हणत होतो.

या वेळचे आकडे असे: ५ लिटरला २३६ ओहम, काटा ईवर. १५ ला ९८, पावाच्या केसभर खाली. २५ ला ५१, अर्ध्याच्या थोडा वर. ३५ ला ३५, बरोबर पाऊण. ४५ ला २३, एफच्या रेघेला चिकटून.

काकांची नजर लगेच अर्ध्यावर गेली. "इथे दोन लिटरचा फरक दिसतो. ती मागची बुचं..."

फरक होता. टाकी चौकोनी डबा नाही. मागचे कोपरे चाकांसाठी गोलावलेले आहेत, त्यामुळे मधल्या भागात पातळी आणि लिटर यांचं गणित सरळ राहत नाही. गाडीसोबत आलेल्या मूळ सेंडरमध्ये तार गुंडाळायची पट्टीच त्या आकाराला धरून कमी-जास्त रुंद केलेली असते. बाजारातल्या सेंडरकडून ती अपेक्षा करता येत नाही. काट्याच्या पाठीमागच्या दोन दातेरी पट्ट्या दोन टोकं हलवू शकतात, मधला फुगवटा काढणं त्यांच्या हातात नाही. अर्ध्याच्या मागे लागलो असतो तर ई आणि एफ दोन्ही घालवून बसलो असतो. अर्ध्या टाकीवर दोन लिटर चुकले म्हणून कुणी रस्त्यात अडकत नाही, हे काकांना पटायला चहाएवढा वेळ लागला. बुचं धुळीच्या रेघेसकट तशीच आहेत.

शेवटची चाचणी रस्त्यावर. काटा ईच्या रेघेवर आल्यावर काकांनी किलोमीटर लिहून घेतले, डिकीत ५ लिटरचा कॅन ठेवला आणि आम्ही मुद्दाम गाडी संपवायला निघालो. आयुष्यभर जे टाळलं ते आपणहून करताना काका दर दोन किलोमीटरला काट्याकडे बघत होते. तो ईवर निवांत. गाडी लिटरला साधारण दहा जाते. ३१ व्या किलोमीटरला इंजिनने पहिला गचका खाल्ला, मग दुसरा, आणि आम्ही कडेला थांबलो.

कॅन ओतून काकांनी इग्निशन फिरवलं, गाडीतल्या पेट्रोल पंपाची टिकटिक थांबेपर्यंत वाट पाहिली, स्टार्टर मारला. मग डॅशबोर्डवर बोट ठेवून घड्याळात बघत बसले. दोन मिनिटं झाल्यावर म्हणाले, "केसभर हलला. बरोबर आहे ना?"

टाकीत तेव्हा सात लिटरच्या आत-बाहेर पेट्रोल होतं. बरोबर होतं.